गंजाडचे जिव्या म्हसे

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा सगळ्यांचा समज असा की मी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चाचा आढावा लिहीन. बँकेत जन्म गेलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करणार! पण जमाखर्च दरवर्षी वार्षिक सभेत वाचून दाखवतोच, आणि तो ऐकताना कोण कोण झोपतं तेही मला खुर्चीवरून दिसतं. तेव्हा यंदा वेगळं काहीतरी.

झालं असं, की महोत्सवासाठी आपल्या गेटलगतची भिंत गेरू रंगाने रंगवून तिच्यावर पांढऱ्या रंगात वारली चित्रं काढून घेतली. कंत्राटदाराच्या माणसांनी दीड दिवसात काम उरकलं. संध्याकाळी मुलं भिंतीपुढे खेळत होती. त्यातल्या एकाने मला विचारलं, आजोबा, ही चित्रं पहिल्यांदा कोणी काढली? मी म्हटलं, वारली लोकांनी. त्यावर त्याचा लगेच पुढचा प्रश्न, म्हणजे कोणी? नाव काय त्याचं?

नाव मला माहीत होतं. ते नाव आपल्याच तालुक्यातलं आहे. खाडीचा पूल ओलांडून डहाणूत जा, तिथून आशागडवरून चारोटीकडे निघा, वाटेत गंजाड लागतं. तिथल्या कलंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत होते. जग त्यांना ओळखत होतं. आपण धाकटी डहाणूची माणसं महालक्ष्मीच्या जत्रेला त्याच रस्त्याने वर्षानुवर्षे जातो, पण आपल्यातले किती जण त्या पाड्याकडे वळले असतील? मीही वळलो नव्हतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

म्हसे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता; पालघर जिल्हा व्हायला २०१४ चा ऑगस्ट उजाडावा लागला. वारल्यांच्या हाती तेव्हा जमीन नव्हती. जमीनदाराच्या शेतावर आणि सावकाराच्या दारात वेठ करायची, मिळेल त्यावर पोट भरायचं. त्यातला सर्वांत वाईट प्रकार लग्नगडीचा. लग्नासाठी काही रुपये कर्ज काढलं की नवरा आणि त्याच्याबरोबर त्याची बायको ते फेडण्यासाठी सावकाराकडे राबू लागायची, आणि ते कर्ज कधीच फिटायचं नाही. ना हप्ता, ना खातेउतारा. मी आयुष्यभर कर्जाचेच कागद हाताळले, त्यामुळे हे वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या बरोबरीने वारली या वेठीविरुद्ध उभे राहिले. तलासरीकडे झरीला मोठी परिषद झाली, लाल बावटा लागला आणि वेठ मोडली. तेव्हा जिव्या अकरा वर्षांचा होता. साधारण त्याच वयात त्याचं कुटुंब धामणगाव सोडून कलंबीपाड्यावर राहायला आलं.

पण मुलावर खरा घाव त्याआधीच बसला होता. सात वर्षांचा असताना त्याची आईची साथ सुटली. त्या धक्क्याने तो बोलायचाच थांबला. एक-दोन महिने नव्हे, काही वर्षं. जे सांगायचं ते जमिनीवरच्या धुळीत बोटाने किंवा काटकीने रेघा ओढून सांगायचं. आजच्या काळात आपण अशा मुलाला डॉक्टरकडे नेलं असतं. पाड्यावर तसं काही नव्हतं. लोकांनी त्याला त्याच्या रेघांसकट सांभाळून घेतलं, हेही काही कमी नाही. त्याच्या चित्रांमुळे तो गावात वेगळा ओळखला जाऊ लागला. पुढे वाणी परत आली, तरी माणूस मितभाषीच राहिला.

इथे थोडं थांबून वारली चित्र म्हणजे मुळात काय, ते सांगायला हवं. आपण चहाच्या कपावर, साडीच्या काठावर, एसटी स्टँडच्या भिंतीवर ते इतकं पाहतो की ती फक्त नक्षी वाटते. मुळात ते लग्नाचं चित्र. वारल्याच्या कुडाच्या घराची आतली भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवायची. तांदूळ भिजवून वाटायचे, ते पातळ करून त्यात डिंक घालायचा. बांबूची किंवा तशीच बारीक काडी घ्यायची, तिचं टोक चावून कुंचल्यासारखं करायचं. आणि सुवासिनींनी भिंतीवर चौक लिहायचा. वारली चित्र काढत नाहीत, लिहितात. त्या चौकात पालघाट देवी असते, सृष्टीची, उगवणाऱ्या सगळ्याची देवी. शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावर बसलेला पाचशिऱ्या देव. भोवती झाडं, पाखरं, नाचणारी माणसं. धवलेरी बाई गाणी म्हणत लग्न लावते. चौकाशिवाय वारल्याचं लग्न लागत नाही. लग्न झालं की त्या चित्राचं काम संपलं. पुढे चुलीचा धूर बसतो, पावसात भिंत ओघळते, पुन्हा सारवतात. जपून ठेवायचं, कोपऱ्यात सही करायची, विकायचं, हे कोणाच्या मनातही नव्हतं.

आणि हे काम बायकांचं. पुरुषाने चौक लिहायला बसायचं नाही, असा रिवाज. जिव्या बसला. लग्न असो नसो, घरच्या भिंतीवर, मनात येईल तेव्हा, रोज. शाळेत चित्रकलेचा तास त्याने कधी पाहिला नाही, गुरू केला नाही. म्हणून सगळे त्याला स्वयंशिक्षित चित्रकार म्हणतात. ते खरंच आहे. पण माझ्या मते त्यात एक पुस्ती जोडायला हवी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस करायचा, वरचा छातीचा, खालचा कमरेचा, ही बाराखडी त्याने शोधली नाही. ती पाड्यावरच्या बायकांच्या हातात पिढ्यान् पिढ्या होती. आईविना वाढलेल्या मुलाने ती सगळ्या आयाबायांकडून नुसती बघून उचलली. मग त्या बाराखडीत त्याने काय काय लिहिलं, ते मात्र त्याचं एकट्याचं.

बाहेरच्या जगाला हे कळलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे. हे गृहस्थ स्वतः चित्रकार. पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून १९६६-६७ च्या दुष्काळात ते बिहारात मिथिलेला गेले होते. तिथल्या बायकांच्या हाती कागद देऊन मधुबनी चित्रं भिंतीवरून कागदावर आणण्यात त्यांचा मोठा वाटा. तेच काम करायला ते आपल्याकडे आले. बायकांपुढे त्यांनी कागद आणि पांढरा रंग ठेवला. बायका बिचकल्या. बरोबरच आहे, लग्न नाही, भिंत नाही, देवीला बोलावलेलं नाही, मग चौक लिहायचा कशासाठी? या सगळ्यात एका लाजऱ्या, कमी बोलणाऱ्या गड्याने कागद हाती घेतला. तोवर शेतमजुरी हेच त्याचं पोटाचं साधन होतं. वय चाळिशीच्या जवळ.

कुलकर्णींचं मोठेपण असं की त्यांनी शिकवलं नाही. जे. जे. च्या वर्गातली सावली, खोली, दूरचं लहान आणि जवळचं मोठं, यातलं काहीही त्या हातावर लादलं नाही. सामान दिलं आणि बाजूला बसले. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपण नातवाच्या चित्राच्या वहीत बोट घातल्याशिवाय राहतो का?

१९७५ मध्ये मुंबईला जहांगीर कलादालनाच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत केकू गांधी यांनी म्हसे यांची चित्रं मांडली. पुढल्याच वर्षी ती फ्रान्समध्ये मेन्टनला लागली. त्याच १९७६ साली आदिवासी कलेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लंगोटी लावून शेतात राबणारा माणूस दिल्लीत राष्ट्रपतींपुढे उभा राहिला. त्या वेळी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद होते. म्हसे यांना थोडी शेतजमीन द्यावी, असं तेव्हा ठरलं. आता जमीन मिळणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ज्याच्या नावाचा सातबारा नाही त्याला बँक दारात उभं करत नाही. मीच कितीतरी जणांना याच कारणाने परत पाठवलेलं आहे. तर ती जमीन प्रत्यक्ष हाती यायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. मधल्या काळात त्यांची चित्रं विमानाने देशोदेशी फिरून आली, पण तालुक्याच्या कचेरीतला कागद काही हलला नाही.

आता त्यांच्या चित्रांविषयी, माझ्या अडाणी डोळ्यांना जे दिसतं ते सांगतो. कापड किंवा कागद घेऊन त्यावर ते शेणाचा किंवा गेरूचा लेप द्यायचे, म्हणजे आधी भिंतच तयार करायची. मग पांढरा रंग. रंग एकच. मोठी बाह्यरेषा आखून मग आत भरायचं, असं नाही. बारीक बारीक रेघा आणि ठिपके, शेकड्यांनी, हजारांनी, एकाला एक लागून. जवळून पाहिलं तर प्रत्येक रेघ किंचित थरथरलेली दिसते. चार पावलं मागे आलं की सगळं चित्र हलायला लागतं. पानं सळसळतात, मुंग्यांची रांग पुढे सरकते, धान्य उफणणाऱ्या बाईच्या सुपातून कोंडा उडतो. कंत्राटदाराच्या साच्यातला माणूस आणि म्हसे यांचा माणूस यात फरक हाच. दोघंही दोन त्रिकोणांचेच, पण एक ठोकळ्यासारखा उभा असतो आणि दुसऱ्याच्या कमरेत लय असते.

माझं आवडतं चित्र जाळ्याचं. हा विषय त्यांनी पुन्हा पुन्हा हाताळला. कापडभर एकच प्रचंड जाळं, त्याची एकेक गाठ, एकेक डोळा पांढऱ्या बारीक रेघेने विणलेला, आणि कोपऱ्यात ते टाकणारा इवलासा माणूस. आपल्या गावात मांगेल्यांच्या अंगणात म्हातारी माणसं जाळी विणत, दुरुस्त करत बसलेली आपण लहानपणापासून बघत आलो. एक डोळा, मग दुसरा, मान वर न करता. म्हसे यांनी ते चित्र काढलेलं नाही, विणलेलं आहे, हे धाकटी डहाणूच्या माणसाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. वारली काही आपल्यासारखे समुद्रात जाणारे नव्हेत. त्यांची मासेमारी ओढ्यावरची, नदीवरची आणि पावसात भरलेल्या शेतातली. तरी जाळ्याची ओढ तीच.

लग्नाच्या चौकाबाहेरचं सगळं जग त्यांनी असं चित्रात आणलं. भातलावणी, झोडणी, कणसरी म्हणजे धान्याची देवी, तिच्या गोष्टी, वाघोबा, ताडावर चढलेला माणूस, तारपा. पाड्याच्या पश्चिमेला काही कोसांवरून मुंबई-गुजरातची रेल्वे धावते, तीसुद्धा या घराण्याच्या चित्रांत आली, आत बसलेल्या माणसांसकट. गोष्ट सांगायची तर सुरुवात, मध्य, शेवट एकाच कापडावर, एकाच वेळी. कुठून वाचायचं ते तुम्ही ठरवा.

१९८९ मध्ये पॅरिसला पाँपिदू केंद्राने एक मोठं प्रदर्शन भरवलं. तिथले संग्रहालयप्रमुख झाँ-ह्युबेर मार्तँ यांची कल्पना अशी की युरोप-अमेरिकेतले नामांकित कलावंत आणि इतर खंडांतले तोवर कोणी न विचारलेले कलावंत सारख्याच मानाने शेजारी शेजारी मांडायचे. शंभरांहून जास्त कलावंत होते. आपल्याकडून गेलेल्यांत मिथिलेच्या बउआ देवी होत्या, मध्य प्रदेशातले जनगढ सिंह श्याम होते आणि गंजाडचे म्हसे होते. लोककला म्हणून वेगळ्या दालनात नव्हे, आजचे चित्रकार म्हणून. पुढे २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचं जोडप्रदर्शन झालं. हे लाँगसाहेब मैलोन् मैल पायी चालतात आणि चालण्याच्या वाटेने, दगडांच्या वर्तुळांनी जमिनीवर रेषा उमटवतात. ते इकडे वारली पाड्यांवर येऊन गेले. धुळीत रेघ ओढून बोलायला लागलेला मुलगा आणि जमिनीवर रेघ ओढणारा हा साहेब, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मला वाटतं, त्यांना तिची फारशी गरजही भासली नसेल.

आता माझी गोष्ट. १९८० नंतर मी आपल्या तालुक्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेचे दिवस. बैलजोडी, म्हैस, शेळ्या यांची कर्जं द्यायची आणि मग जनावर जागेवर आहे का, कानात विम्याचा बिल्ला आहे का, ते पाहत पाड्यापाड्यावर फिरायचं. चारोटी रस्त्यावरून माझी स्कूटर आठवड्यातून दोनदा तरी जायची. घराघरांच्या भिंतींवर पांढरी चित्रं दिसायची. मी वहीत लिहायचो, घर कुडाचं, छप्पर गवती, तारणयोग्य मालमत्ता नाही. भिंतीवर काय आहे, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता. आणि मलाही तो कधी आठवला नाही. एका ओसरीवर पाणी प्यायला थांबलो होतो, तिथे एक म्हातारी भिंत लिहीत होती. मी तिला कर्जदाराचं घर विचारलं. तिने मागे न वळता काडीनेच दिशा दाखवली. तिचं नाव मी विचारलं नाही.

ते न विचारलेलं नाव अलीकडे मला जास्त आठवतं. कारण म्हसे मोठे झाले, त्यांच्या मागोमाग गावोगावचे तरुण पुरुष काडी घेऊन बसले, चित्राला पैसा आला, आणि ज्या बायकांची ही विद्या होती त्या बऱ्याचशा मागे राहिल्या. यात म्हसे यांचा दोष नाही. कागद त्यांच्यापुढे आला आणि त्यांनी धीर केला. पण त्यांचं कौतुक करताना ही दुसरी बाजू झाकून ठेवावी, असं मला वाटत नाही. आज मुली पुन्हा मोठ्या संख्येने चित्र काढतात, प्रदर्शनं करतात, ही चांगली गोष्ट आहे.

म्हसे स्वतः पाडा सोडून कुठे गेले नाहीत. परदेशातून यायचे आणि शेतावर जायचे. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे दोघे मुलगे त्यांच्याजवळ बसून शिकले आणि नामवंत चित्रकार झाले. गंजाडच्या आसपास आज अनेक घरं या कलेवर चालतात. २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. पद्मश्रीच्या वेळी सत्त्याहत्तरीत होते, म्हणजे आज मी आहे साधारण त्याच वयात. काडी तेव्हाही हातात होती. १५ मे २०१८ रोजी गंजाडलाच ते गेले.

ते गेले त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत मोठमोठे लेख आले. मी कात्रणं काढून ठेवली, आणि तेव्हा कुठे त्यांची चित्रं नीट बघायला लागलो. उशीरच झाला म्हणायचा. पण त्यामुळे एक झालं, भिंत वाचता यायला लागली.

म्हणून परवा त्या मुलाला घेऊन गेटवरच्या चित्रापुढे उभा राहिलो. तारपा नाच म्हणजे काय, ते त्याला दाखवत होतो. तारपा वाजवणारा मधोमध असतो. बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती नागमोडी फेर धरतात. तारपेवाला वळेल तसे वळतात, त्याच्याकडे पाठ करायची नसते. फेराचं शेपूट उघडं ठेवलेलं असतं. मागून येणारा त्यात सामील होऊ शकतो. म्हसे यांच्या चित्रांत हे उघडं टोक हमखास दिसतं. आपल्या भिंतीवर मात्र फेर गोल, बांगडीसारखा बंद. तारपेवाला फेराच्या बाहेर, वॉचमनच्या केबिनजवळ, आणि अर्धे नाचणारे त्याच्याकडे पाठ करून. मुलाने माझ्याआधी ते हेरलं. म्हणाला, आजोबा, ह्यांना गाणं ऐकू येत असेल का?

पावसाळ्यात ती भिंत धुपणारच आहे. दिवाळीपूर्वी पुन्हा रंग काढावा लागेल. त्या वेळी साचा न लावता गंजाडहून कोणाला तरी बोलवावं, आणि जे येतील त्यांचं नाव, बाई असो वा पुरुष, भिंतीच्या कोपऱ्यात लिहून घ्यावं, असा माझा समितीकडे अर्ज आहे. खर्चाचा अंदाज मी काढून देतो. गंजाडला जाऊन बोलणी करायलाही मी तयार आहे, मात्र स्कूटर आता जमत नाही, गाडी कोणीतरी काढावी.